नगरच्या फरारबाई

धाराशिव भागाशी नातं सांगणाऱ्या मिशनरी स्त्रियांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. इथून माग आधी सोलापूरला नेतो, तिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८६२ मध्ये उभं राहिलं. तिथून वाट नगरला जाते. नगरला सिंथिया फरार भेटल्या आणि मी पुढे सरकलेच नाही.

त्यांचा जन्म १७९५ चा, न्यू हॅम्पशायरमधला. १८२७ सरता सरता त्या मुंबईत उतरल्या. मिशनऱ्याची बायको म्हणून परदेशी जाणं रूढ होतं. अविवाहित बाईला या मिशनची पालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डानं हिंदुस्थानात प्रथमच पाठवलं. दप्तरी दर्जा मात्र ‘सहायक मिशनरी’. मुंबईतल्या मुलींच्या शाळा त्यांनी सांभाळल्या, प्रकृती ढासळल्यावर मायदेशी गेल्या आणि १८३९ मध्ये परतल्या त्या नगरला, कायमच्या.

मला खिळवून ठेवतं ते त्यांचं रोजचं काम. शिकवायला बायका मिळत नसत, म्हणून पंतोजी हिंदू पुरुष. बाईंनी शाळाशाळांतून फिरायचं, वाचन ऐकायचं, अक्षर तपासायचं, शिवण शिकवायचं. मुलगी जरा वाचू लागली की लग्न होऊन सासरी जायची. मग पुन्हा नवी मुलगी, पुन्हा मुळाक्षरं. एवढी चिकाटी मला थक्क करते.

जोतिराव फुले मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासह बाईंची नगरची शाळा पाहून गेले आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, असं चरित्रकार सांगतात.

पण बाई आल्या होत्या धर्म सांगायला, आणि पालकांना धास्ती त्याचीच होती. मुलगी बाटेल या भीतीनं मिशनच्या शाळांचे वर्ग ओस पडत. फुल्यांनी शाळा घेतली, धर्म घेतला नाही. तिकडे बोर्डालाही शाळांवरचा खर्च खुपत होता. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले आणि नगरची इंग्रजी शाळा बंद झाली. धर्मांतरांच्या मोजपट्टीवर मुलींच्या शाळेची किंमत कशी ठरायची? बाई मात्र जानेवारी १८६२ मध्ये नगरलाच वारल्या, तोवर शिकवत राहिल्या.

आज त्यांचं नाव फुल्यांच्या चरित्रातल्या एखाद्या ओळीपुरतं येतं. त्यांच्यापाशी शिकलेल्या मुलींची नावं तर तेवढीही येत नाहीत, आणि मला खरी चिंता त्यांची आहे. अमेरिकन बोर्डाचं दप्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. मराठी जाणणाऱ्या कुणीतरी तिथे बसून नगरचे कागद त्या मुलींसाठी चाळायला हवेत.