चुलीपुढची कोंकणी, देवळातली मराठी

जनगणनेचा माणूस पेडण्यातल्या एखाद्या घरी येतो, मातृभाषेच्या रकान्यापाशी थांबतो आणि त्याला उत्तर मिळतं, 'आमची भास मराठी.' उत्तर कोंकणीत असतं. बाहेरच्याला यात विनोद दिसतो, कोंकणीवाद्याला न्यूनगंड आणि मराठीवाद्याला निष्ठा. उत्तर देणाऱ्याला मात्र काहीच वावगं वाटत नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे ६६ टक्के लोकांनी कोंकणी आणि ११ टक्क्यांच्या आसपास लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. त्या अकरा टक्क्यांत घरी मराठी बोलणारे किती आणि वरच्यासारखं उत्तर देणारे किती, हे रकान्याला कळत नाही.

वारशाची भाषा सुटली म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं: आजोबा बोलायचे, वडिलांना कळायची, नातवाला कळतही नाही. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत बहुसंख्य हिंदू घरांपुरतं हे चित्र लागूच पडत नाही. तिथे आजोबाही चुलीपुढे मराठी बोलत नव्हते. तरी ती त्यांची होती. पोथी तिच्यात होती, पत्र तिच्यात होतं, देवाशी बोलणं तिच्यात होतं. भाषा तोंडी नसली की संस्कृतीही गेली, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने हे दोन तालुके एकदा पाहावेत.

याचं मूळ इतिहासात आहे. तिसवाडी, बारदेस, साष्टी हा पोर्तुगिजांचा जुना मुलूख. तिथे देवळं पडली, धर्मसमीक्षण सभा (इन्क्विझिशन) बसली आणि १६८४ साली तर तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं, असं फर्मान निघालं. ते पेडणे-डिचोलीला लागू होण्याचं कारण नव्हतं. हा भाग तेव्हा त्या राज्यात नव्हताच. नंतर तो सावंतवाडीकरांकडे होता आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आला, त्यात पेडणे सर्वांत शेवटी, १७८८मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. सावंतवाडीच्या दरबाराचं लिहिणं मोडीत, मराठीत. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा उभारलं, ही आठवण आजही लोक अगदी कालपरवाची असल्यासारखी सांगतात. पेडण्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला नाव आहे संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं, आणि सोहिरोबांची रचना मराठी. तेरेखोल नदीच्या पलीकडे सोयरीक, बाजार, देवाचा कौल. नदी ओलांडली की राज्य बदलायचं, माणसं तीच राहायची.

बोलण्याचं म्हणाल तर पेडण्याची बोली मालवणीला इतकी जवळची की पाठ्यपुस्तकातली अंत्रुजी, म्हणजे फोंड्याकडच्या वळणाची कोंकणी तिथल्या पोरालाही थोडी परकीच वाटते. प्रमाण कोंकणी आपली नाही, प्रमाण मराठी बोलता येत नाही, आणि जी बोलतो तिला पुस्तकात जागा नाही. हा पेच फारसा कुणी मांडत नाही, कारण तो दोन्ही झेंड्यांच्या सोयीचा नाही.

मराठी टिकली ती कुठे? कानात आणि गळ्यात. गणेश चवथीला घुमट-शामेळ घेऊन गावची पोरं घरोघर फिरतात आणि तासन्‌तास आरत्या म्हणतात. आरत्या मराठी, मधल्या गप्पा कोंकणी. जत्रेला दशावतार होतो, राजा मराठीत गरजतो आणि संकासूर बोलीत हशा पिकवतो. एकाच रंगमंचावर भाषांची इतकी स्वच्छ वाटणी क्वचितच दिसेल. गावच्या कालोत्सवात गावकरीच नाटक बसवतात. विंगेत 'म्हजी तलवार खंय?' म्हणून शोधाशोध करणारा संभाजी पुढच्या क्षणी पल्लेदार मराठी स्वगत म्हणतो. त्याचे अनुनासिक उच्चार ऐकून पुण्याचे परीक्षक नाक मुरडत असतील तर खुशाल मुरडोत. ज्या भाषेत आपण भांडत नाही, बाजारहाट करत नाही, ती भाषा रात्रभर जागून ऐकायला हजार माणसं बसतात.

गंमत अशी की आधुनिक कोंकणीच्या जनकाचा जन्मही याच भागातला. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, १८७७ साली डिचोलीत जन्मले. कोंकणी ही मराठीची बोली नाही हे सिद्ध करण्यात त्यांनी हयात घालवली. आणि १९६६-६७मध्ये गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्धची मोठी लढाई लढली गेली ती 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकातून. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर मराठीतच होतं. कोंकणीचा कैवार घ्यायलाही वाचकापर्यंत मराठीतूनच जावं लागत होतं! बा. भ. बोरकर, लक्ष्मणराव सरदेसाई हे तर दोन्ही भाषांत लिहीत राहिले. लिहिणाऱ्यांना जे जमलं ते पुढाऱ्यांना जमलं नाही.

१६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळ्या गोव्याची दोन पानं. पानं सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली, पण पेडणे-डिचोलीने कौल दिला फुलाला. हा कौल निव्वळ भाषाप्रेमाचा होता असं मी मानत नाही. त्यामागे जमीन होती. शतकानुशतकं भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या अंगणात उभ्या राहिलेल्या कुळाला १९६३नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने दोन गोष्टी दिल्या: १९६४चा कूळ कायदा आणि गावात मराठी प्राथमिक शाळा. ज्या हाताने कुळाचा हक्क दिला त्याच हाताने पाटी-पेन्सिल दिली. त्या पिढीला मराठी ही बहुजनांनी वर चढायची शिडी वाटली आणि कोंकणीची चळवळ ही भाटकारांची, शहरातल्या शिकलेल्यांची वाटली. हा समज सर्वस्वी खरा नव्हता, पण त्याला पाया होता. तो समजून न घेता पेडणेकरांना 'स्वतःची मायभाषा नाकारणारे' म्हणणं हे आळशीपणाचं आहे.

४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठी सरकारी कामकाजात वापरण्याची तरतूद झाली. ती तरतूद कुणालाच पुरली नाही. मराठीला राजभाषेचं स्थान द्या ही मागणी आजही उठते, सभा होतात, निवेदनं जातात. मला मात्र सभागृहातल्या भाषणांपेक्षा गावच्या शाळेची काळजी वाटते.

कारण हा वारसा बोलण्यातून उतरत नव्हता. चुलीपुढची भाषा आपोआप मिळते, देवळातली शिकावी लागते. ती शिकवायचं काम सरकारी मराठी शाळा करत होती. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी हा गोव्याचा जुना रिवाज, पण त्या चार वर्षांत अक्षर हाती यायचं आणि पुढे आयुष्यभर 'गोमन्तक', 'नवप्रभा' ही दैनिकं वाचता यायची. १९९०मध्ये प्राथमिक शाळांचं अनुदान प्रादेशिक भाषांपुरतं ठेवण्याचं धोरण आलं. २०११मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यावरून रण माजलं, सरकारं बदलली आणि अनुदान राहिलं. इकडे गावच्या शाळा पटाअभावी बंद पडत चालल्या. पेडण्यातल्या मोपावर विमानतळ आला, आणि तिथल्या नोकरीसाठी कुठली भाषा लागते हे आईबापांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यांना दोष देण्याचा अधिकार, स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत घालून मराठीसाठी निवेदनं लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना तर अजिबात नाही.

जगात याला जोड आहे. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची हिब्रू. कळो न कळो, ती त्यांनी जपली. ते इस्रायलला गेल्यावर हिब्रू रोजची झाली आणि पुढच्या पिढ्यांची मराठी पातळ होत गेली, पण मलिद्याचा विधी चालूच आहे. विधी भाषेपेक्षा चिवट असतो. पण नुसत्या विधीवर भाषा किती दिवस जगते, याचं उत्तर त्यात नाही.

पेडण्यात त्याची परीक्षा आता सुरू आहे. भजनी मंडळांना पोरं मिळतात, घुमटाची तर चढाओढ असते. फक्त काही पोरांच्या मोबाइलवर अभंग आणि आरत्या रोमन अक्षरांत असतात, कारण देवनागरी वाचायला वेळ लागतो. जुने जाणते यावर संतापतात. पण याच गोव्यात ख्रिस्ती समाजाने रोमन लिपीतली कोंकणी शतकानुशतकं प्रार्थनेत, वृत्तपत्रांत आणि तियात्रात जगवली, आणि १९८७च्या कायद्याने तिला बाहेर ठेवलं तेव्हा आम्हा देवनागरीवाल्यांपैकी फार थोड्यांना वाईट वाटलं. रोमीवाले तेव्हापासून मागत आले आहेत, की आमची लिपी वेगळी म्हणून आमची भाषा कमी ठरवू नका. उद्या रोमीत अभंग वाचणारा पेडण्याचा पोरगा हेच म्हणाला, तर त्याला उत्तर द्यायला मराठीवाद्यांकडे काय आहे?