टिळक मार्गावरील न्यायवास्तू

नवी दिल्लीत टिळक मार्गाच्या कडेला, सुमारे 17 एकरांच्या त्रिकोणी भूखंडावर उभी असलेली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाची वास्तू बहुतेक पर्यटक इंडिया गेटकडे जाता-जाता वाहनातूनच पाहतात. वास्तविक, आगाऊ ऑनलाइन नोंदणी केल्यास ठरावीक शनिवारी ती मार्गदर्शकासह आतूनही पाहता येते. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबई उच्च न्यायालयाने ज्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली, त्या लोकमान्यांच्या नावाच्या रस्त्यावर देशाचे सर्वोच्च न्यायपीठ असावे, हा योगायोग मराठी पर्यटकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

हे न्यायालय 28 जानेवारी 1950 रोजी, म्हणजे प्रजासत्ताकानंतर दोनच दिवसांनी, कार्यान्वित झाले. मात्र 1958 पर्यंत त्याचे कामकाज संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या, म्हणजे संस्थानिकांच्या सभेसाठी बांधलेल्या, दालनात चालत असे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे पहिले भारतीय प्रमुख गणेश भिकाजी देवळालीकर यांनी नव्या वास्तूचा आराखडा तराजूच्या आकाराचा केला: मधला भाग ही दांडी, तर दोन्ही टोकांचे भाग ही पारडी. सरन्यायाधीशांचे न्यायदालन मधल्या भागात, घुमटाखाली आहे. ही कल्पना जमिनीवरून फारशी उमगत नाही. समोरून दिसतात ते उंच स्तंभ, रुंद पायऱ्या आणि 27.6 मीटर उंचीचा घुमट, आणि त्यांत ब्रिटिशांनी घडविलेल्या नवी दिल्लीचीच वास्तुभाषा पुढे चालू राहिलेली दिसते. स्वतंत्र देशाने न्यायासाठी नवी इमारत बांधली, पण तिला वेगळी शैली दिली नाही, असे म्हणावे लागते.

हिरवळीवरील चिंतामणी कर यांच्या काळसर ब्राँझ शिल्पात भारतमाता बालरूपातील प्रजासत्ताकाला आश्रय देते, आणि त्या बालकाच्या हाती उघडा ग्रंथ आहे. न्यायाधीशांच्या ग्रंथालयात अलीकडे बसविलेल्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही व तिच्या हाती तलवारीऐवजी संविधान आहे. ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे न्यायालयाचे बोधवाक्य.

शनिवारच्या फेरीत पर्यटकास दिसतात ती बहुधा रिकामी न्यायदालने. सुनावणी प्रत्यक्ष ऐकायची, तर कामकाजाच्या दिवशी प्रवेशपत्र घेऊन अभ्यागत कक्षात बसावे लागते. तिथे युक्तिवाद मात्र इंग्रजीत चालतो, कारण संविधानाच्या 348 व्या अनुच्छेदानुसार, संसदेने अन्यथा ठरवीपर्यंत, या न्यायालयाची भाषा तीच आहे.