ब्रेक पॅड नवे, डिस्कही नवी. तरीही आवाज का येतो? जाणून घ्या कारणे आणि तपासणीचा क्रम

नवी दिल्ली : मोटारीचे ब्रेक पॅड आणि डिस्क घरच्या घरी बदलल्यानंतर पहिल्याच फेरीत चाकातून कर्कश किंवा घासल्यासारखा आवाज येऊ लागला, तर वाहनधारक सहसा दोनपैकी एक चूक करतात. काही जण ‘नवे आहे, हळूहळू बसेल’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण सुटे भागच सदोष असल्याचे मानून पुन्हा खर्च करतात. प्रत्यक्षात अशा आवाजामागे अनेकदा सुट्या भागांचा नव्हे, तर बसवणीत राहिलेल्या लहानशा त्रुटीचा हात असतो. कोणत्या आवाजासाठी काही दिवस थांबता येते आणि कोणता आवाज येताच वाहन उभे करावे, हे ओळखणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

ब्रेक दाबल्यावर पॅड फिरत्या डिस्कवर क्षणभर पकड घेतो, निसटतो आणि पुन्हा पकड घेतो. ही क्रिया सेकंदाला हजारो वेळा घडू लागली की पॅड, कॅलिपर आणि डिस्क कंप पावतात आणि तीक्ष्ण आवाज उमटतो. ही समस्या डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हाही धातूवर धातू घासून होणारा कर्णकर्कश आवाज ही त्या रचनेची मोठी अडचण होती.

आवाजावरून कारणाचा माग

केवळ ब्रेक दाबताना येणारा बारीक, उंच पट्टीतील आवाज बहुधा पॅडच्या कंपनाचा असतो. पॅडच्या मागील पातळ पत्रा, म्हणजे शिम, न बसवणे किंवा संपर्काच्या जागी वंगण न लावणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. ब्रेक न दाबताही सतत खरखर होत असेल, तर डिस्कमागील धूळरोधक पत्रा काम करताना वाकून डिस्कला टेकला असण्याची शक्यता असते. पॅड झिजल्याची सूचना देणारी धातूची पट्टी वाकली असल्यास किंवा पॅड चुकीच्या बाजूस बसवला असल्यासही असाच आवाज येतो. खड्ड्यांतून जाताना होणारा खडखडाट पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिप सैल असल्याचे किंवा बसवायच्या राहिल्याचे सुचवतो. पावसाळ्यात किंवा किनारपट्टीवर रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. त्यामुळे होणारी घरघर सकाळी काही वेळा ब्रेक लावताच नाहीशी होते. त्याबाबत चिंतेचे कारण नसते.

तपासणीचा क्रम

चाक काढण्यापूर्वी वाहन सपाट व कठीण जागेवर उभे करून जमिनीवर टेकलेल्या चाकांना उटी लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम न करता वाहनाखाली भक्कम स्टँड द्यावा.

सर्वप्रथम डिस्क पाहावी. नव्या डिस्कवर गंज रोखण्यासाठी तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसला नसेल, तर तेल पॅडमध्ये मुरते. आवाज येतो आणि ब्रेकची पकडही घटते. तेल मुरलेले पॅड घासून वापरण्याऐवजी बदलणेच सुरक्षित असते. त्यानंतर डिस्क काढून हबचा पृष्ठभाग तपासावा. तेथे गंजाची पापडी राहिली असल्यास नवी डिस्कही किंचित तिरकी बसते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका तिरकेपणाही ब्रेक दाबताना पेडलला थरथर जाणवण्यास पुरेसा ठरू शकतो. तारेच्या ब्रशने हब स्वच्छ केल्यावर ही तक्रार अनेकदा दूर होते.

पुढील टप्पा कॅलिपरचा. त्याच्या सरकत्या पिना हाताने सहज हलल्या पाहिजेत. त्या अडकल्या असतील, तर एक पॅड सतत डिस्कला घासत राहतो. पिनांना ब्रेकसाठीचेच सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबरी आवरणे फुगतात. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात, तेथील गंज काढून अगदी थोडे ग्रीस लावावे. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला मात्र ग्रीस अथवा तेलाचा थेंबही लागता कामा नये. आवाज थांबवण्यासाठी तेथे तेल सोडणे हा जिवावर बेतणारा प्रकार आहे. काम सुरू असताना कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तसेच ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये.

पॅड रुळवणेही आवश्यक

बसवणी निर्दोष असली तरी नवा पॅड आणि नवी डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळण्यास वेळ लागतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगावरून १० किलोमीटरपर्यंत, मध्यम दाबाने, आठ ते दहा वेळा वेग कमी करावा. दोन वेळांमध्ये ब्रेक थंड होण्यास थोडा अवधी द्यावा. तापलेल्या अवस्थेत वाहन पूर्ण थांबवून पेडल दाबून धरू नये. तसे केल्यास पॅडचे द्रव्य डिस्कवर एकाच जागी चिकटते. पॅड उत्पादकाची पद्धत वेगळी असल्यास तीच पाळावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर अनावश्यक जोरकस ब्रेक टाळणे हिताचे असते. या काळात हलका आवाज येऊन तो कमी होत गेल्यास काळजीचे कारण नाही.

वाहन केव्हा चालवू नये?

धातूवर धातू घासल्याचा आवाज, पेडल खोल किंवा मऊ जाणे, ब्रेक लावताना वाहन एका बाजूला ओढले जाणे, एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापणे, जळका वास किंवा ब्रेक ऑइलची गळती यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वाहन चालवू नये आणि कुशल मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी. चाकातून ठकठक येत असल्यास नट सैल असण्याचा धोका असतो. नट पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला जातो. त्यामुळे वाहन हलवण्यापूर्वी पेडल कठीण लागेपर्यंत अनेक वेळा दाबणे अत्यावश्यक आहे. हे राहून गेल्यास पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही आणि तेव्हा आवाजाची पूर्वसूचनाही मिळत नाही.