बिनइंजिनाची गाडी ढकलताना

"डॉक्टर, गाडीला इंजानच न्हाई, मग ती चालंल कशी? आमास्नी असंच वाटलं वो!" रात्री दहाच्या सुमारास दवाखान्याचे दार वाजवणाऱ्या एका माउलीचे हे उद्गार. मागे दोघांच्या खांद्यावर हात टाकून तिचा मुलगा उभा होता. वय पंचवीस, अंगाने धडधाकट, पण वेदनेने चेहरा पांढराफटक पडलेला.

घरी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघणे बंद होऊन दोन तपे उलटली. मुंबईच्या टॅक्सीतूनही ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. पण हौसेला मोल नसते. मुलाने गाडी पुन्हा उभी करायची असे ठरवून इंजिन उतरवून बोअरिंगला दिले आणि रिकामी गाडी अंगणातून छपराखाली घ्यायला चार मित्र बोलावले. अंगणाला जरासा चढ. अर्ध्यात दम संपला आणि गाडी उलटी फिरली. मुलगा धावत मागे गेला व पाठ लावून तिला अडवू लागला. बंपर आणि ओट्याचा खांब यांच्यात त्याची पोटरी सापडली. मित्रांनी दोन मिनिटांत गाडी पुढे रेटून त्याला सोडवले.

रक्त आले नाही, हाड मोडले नाही. म्हणून घरच्यांनी तेल लावून पाय चोळला, शेक दिला आणि घट्ट पट्टी बांधली. रात्री माझ्यापुढे आला तेव्हा पोटरी दगडासारखी टणक होती. पायाची बोटे नुसती वर उचलली तरी तो किंचाळत होता. बोटांना मुंग्या होत्या. मी पट्टी सोडली आणि त्याला तातडीने साताऱ्याला पाठवले. तिथे त्याच रात्री शस्त्रक्रिया करून पोटरीवरचा ताण मोकळा केला गेला. पाय वाचला. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झाले असते, ते न सांगितलेले बरे.

वाचकहो, त्या माउलीचा प्रश्न साधा वाटतो, पण खरी गोम त्यातच आहे. इंजिन नसलेली गाडी चालत नाही, पण घरंगळते. इंजिन जागेवर असताना गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली तर इंजिन तिला धरून ठेवते. इंजिन काढल्यावर गिअर टाकून काही उपयोग नाही. नव्या गाड्यांत ब्रेकलाही इंजिनची मदत असते. ती गेली की पॅडल दगडासारखे लागते. हँडब्रेक वेगळ्या तारेवर चालतो खरा, पण वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ती तार गंजून अडकलेली किंवा ढिली झालेली असते.

आता थोडा हिशेब पाहू. इंजिन काढले तरी अशा गाडीचे सातआठशे किलो उरतात. सपाट फरशीवर, चाकांत हवा पुरेशी असेल तर ती एकटा माणूसही हलवतो, आणि इथेच आपण फसतो. शंभर फुटांत पाच फूट एवढाच उतार असला तरी 800 किलोची गाडी सुमारे 40 किलोच्या जोराने खाली ओढते. एकदा वेग घेतला की तिला थोपवणे माणसाच्या ताकदीबाहेरचे काम. माणसाचे अंग म्हणजे ब्रेक नव्हे.

म्हणून गाडी हलवण्यापूर्वी एवढे करा :

चाकांत हवा भरा. हँडब्रेक लागतो का, ते सपाटीवरच तपासा. स्टिअरिंगवर जाणता माणूस बसवा, पोर नको. किल्ली लावून स्टिअरिंगचे कुलूप उघडे ठेवा. एकाने केवळ उटी धरून, म्हणजे चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा घेऊन, बाजूने चालावे. दोन-तीन फूट सरकवा, उटी लावा, दम घ्या, मग पुढे. उताराच्या बाजूला, तसेच गाडी आणि भिंत यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. दोराने ओढू नका. ब्रेक नसलेली गाडी ओढणाऱ्याच्याच अंगावर येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालू नका. विटा तर मुळीच रचू नका, त्या फुटतात.

ढकलताना कंबरेतून वाकू नका. एक पाय पुढे, पाठ ताठ, कोपर किंचित वाकलेले आणि जोर मांड्यांचा. श्वास रोखून हिसका देऊ नका. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी या कामात हात घालू नये. लाज वाटून पुढे होणारे पन्नाशीचे काका मी पाहिले आहेत.

आणि गाडी सुटलीच तर? बाजूला व्हा. गाडी गेली तर जाऊ द्या. पत्रा ठोकून सरळ करता येतो, पाय नाही.

कोणी अडकलेच तर गाडी दुसऱ्या बाजूला सरकू नये म्हणून उटी लावा, त्याला लवकर मोकळे करा आणि 108 ला फोन करा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. बोट तुटले असेल तर तो तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, तुकड्याला बर्फ थेट लावू नका. धनुर्वाताची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

जखम नसली तरी चेंगरलेला स्नायू आतून सुजतो. स्नायूभोवतीचे आवरण ताणले जात नाही. त्यामुळे आतला दाब वाढून रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतो. पायाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. वाढत जाणारी वेदना, टणक सूज, मुंग्या किंवा बधिरपणा यांपैकी काही दिसले की चोळणे, शेकणे, आवळून बांधणे बंद. पाय फार उंच न ठेवता सरळ आडवा ठेवा आणि रुग्णालय गाठा.

बराच वेळ दबलेल्या माणसाला मोकळे केल्यावर आणखी एक धोका असतो. 1941 मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसे काही दिवसांनी दगावत. मेलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंड बंद पाडतात, हे डॉक्टर बायवॉटर्स यांनी तेव्हा दाखवून दिले. म्हणून लघवी लालसर-तपकिरी झाली किंवा कमी झाली तर ती अतिशय गंभीर खूण समजावी.

आमचा तरुण परवा स्वतःच्या पायांनी चालत टाके दाखवायला आला. गाडी अजून अंगणातच आहे. मात्र चारी चाकांना आता उट्या लावल्या आहेत. "आईनं लावल्यात," तो हसून म्हणाला.