पडद्यामागचे सूर (भाग ११) : मोरिकोने गेले तेव्हा

चित्रपटासाठी सर्वांत भरभरून लिहिणाऱ्या संगीतकारांपैकी एक, एन्निओ मोरिकोने, ६ जुलै २०२० रोजी रोममध्ये गेले. वय ९१. पडून मांडीचं हाड मोडलं, त्यातून ते उठले नाहीत. आपल्या निधनाची वार्ता त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती. कुणाला त्रास नको, म्हणून अंत्यविधी घरच्यांपुरताच, आणि पत्नी मारियाचा निरोप घेणं सर्वांत जड, असं त्यात होतं.

मग चाहत्यांनी शोक करायचा कुठे? नटाच्या चाहत्यांना निदान चेहरा तरी आठवता येतो. संगीतकाराच्या चाहत्यांपाशी असतो तो फक्त कानात मुरलेला सूर. तोच त्यांनी पुन्हा पुन्हा वाजवला. 'मेटॅलिका' हा अमेरिकन रॉक बँड तर १९८३ पासून आपल्या मैफिलींची सुरुवात मोरिकोनेंच्या 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड'नेच करत आला आहे.

ती रचना १९६६च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधली. पुरलेल्या सोन्यासाठी एक माणूस हजारो थडग्यांमधून धावत सुटतो. प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीच. आधी एक साधी, उदास चाल येते, मग एडा डेल'ओर्सोचा शब्दांविना चढत जाणारा आवाज, मग घंटा, ढोल आणि सगळा वाद्यवृंद. माणूस गोल गोल धावतो आणि संगीत पायरीपायरीने वर जातं. शब्द नसल्यामुळे हाव आणि आनंद वेगळे काढताच येत नाहीत. तो आवाज काढून टाकला, तर उरतो नुसता धापा टाकणारा माणूस.

ती दफनभूमी खोटीच. स्पॅनिश सैनिकांनी बुर्गोस प्रांतात चित्रीकरणापुरती उभारलेली. पुढे ती मातीगवताखाली गेली. २०१५ पासून स्वयंसेवकांनी आणि चाहत्यांनी कुदळ-फावडी घेऊन ती पुन्हा मोकळी केली. ज्या थडग्यांत कुणीच पुरलेलं नाही, तिथे माणसं एवढी राबली. त्या श्रमांमागे सेर्जिओ लिओनेचं दिग्दर्शन आहेच, पण त्या काही मिनिटांच्या संगीताचा वाटा मला तितकाच मोठा वाटतो.

तरीही चाहत्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. चारशेहून अधिक चित्रपट आणि मालिकांना संगीत देणारा माणूस आपण चार-पाच धुनांत बसवून टाकला. फक्त वेस्टर्नपटांचा संगीतकार ही ओळख त्यांना स्वतःलाही खटकायची. रोमच्या सांता चेचिलिया संगीतविद्यालयात गोफ्रेदो पेत्रास्सींकडे शिकलेले ते रचनाकार. चित्रपटांबाहेर मैफिलींसाठीही त्यांनी आयुष्यभर लिहिलं, आणि ते फार थोड्यांनी ऐकलं आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. या आठवड्यात 'द मिशन' (१९८६) किंवा 'सिनेमा पॅराडिसो' (१९८८) यांचं संगीत पडदा बंद ठेवून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. 'सिनेमा पॅराडिसो'तली प्रेमाची धून त्यांचा मुलगा आंद्रेआ याची आहे, तीही ओळखून काढा. पुढच्या भागात आपण एडा डेल'ओर्सोच्या आवाजाविषयी बोलू.