बारवीच्या पाण्यातली शून्यं

बदलापूरजवळचं बारवी धरण भरलं की बातमी येते : साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर. लिटरमध्ये लिहायचं तर ३४ वर दहा शून्यं! एक शून्य निसटलं तर धरणात दहावा हिस्साच उरेल. म्हणून शास्त्रज्ञ लिहितात : ३.४ गुणिले दहाचा अकरावा घात. दशांशचिन्हाआधी शून्य नसलेला एकच अंक. चिन्ह उजवीकडे किती घरं सरकवायचं ते घात सांगतो. घात उणे असला तर डावीकडे. पाण्याच्या रेणूची रुंदी अशीच लिहितात : सुमारे ३ गुणिले दहाचा उणे दहावा घात मीटर. तुलना करताना आधी घात पाहावा, पत्त्यात आधी गाव पाहतो तसा. खरी ताकद इथेच आहे. पुढच्या बातमीतला साठा असा लिहून पाहा.