आधी चिरणं, मग विणणं

बांबू चिरताना सुरी पुढे जात नाही, बांबू सुरीकडे येतो. सुरीचं पातं आखूड, मूठ मात्र पात्याहून लांब आणि किंचित वाकडी. मूठ काखेशी दाबून धरली की पातं एका जागी स्थिर राहतं. मग एका हाताचा अंगठा पात्याजवळ ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने कामटी ओढत राहायची. चीर मधोमध चालली आहे तोवर काही करावं लागत नाही. ती एका अंगाला सरकू लागली, म्हणजे एक पट्टी पातळ आणि दुसरी जाड होऊ लागली, की जाड बाजू जरा जास्त वाकवायची. चीर तिकडे ओढली जाते आणि पुन्हा मध्यावर येते. हे डोळ्यांनी पाहून करायचं म्हटलं तर उशीर होतो, कारण डोळ्यांना दिसेपर्यंत पट्टी बिघडलेली असते. ते बोटांनाच आधी कळावं लागतं.

आंग थोंग प्रांतातल्या बांग चाओ चा गावात एक वयस्क गृहस्थ हे करत होते. घर खांबांवर उचललेलं. मध्य थायलंडच्या या सखल मुलखात जुनी घरं पुराच्या धाकाने अशीच बांधत. वर राहायचं आणि खालच्या मोकळ्या सावलीत दिवसभराची कामं करायची. त्यांच्याभोवती हिरव्या सालीचे ढलपे पडलेले, डाव्या बाजूला पट्ट्यांची जुडी वाढत होती. गावातले लोक पट्टीला ‘तोक’ म्हणतात. त्या दुपारी तिथे दुसरं कुणी पाहुणं नव्हतं. मुंबईतल्या एखाद्या शाळेच्या सहलीएवढा मोठा घोळका रस्त्यापलीकडच्या केंद्रात होता. तिथे पाहुण्यांना विणकाम दाखवत होते.

बँकॉकहून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर आंग थोंग. चाओ फ्राया आणि नोई या दोन नद्यांमधला हा भातशेतीचा प्रदेश. बांग चाओ चा हे त्यातल्या फो थोंग तालुक्यातलं गाव. याच तालुक्यात खुन इन प्रमून देवळातली उघड्यावर पहुडलेली पन्नास मीटर लांबीची बुद्धमूर्ती आहे, त्यामुळे पर्यटकांच्या गाड्या या रस्त्याला नव्या नाहीत. शेजारच्या सिंगबुरी प्रांतात बांग राचन. 1767 मध्ये अयुथ्या पडण्याच्या आधी ब्रह्मी फौजेला गावकऱ्यांनी अडवून धरलं, म्हणून ते नाव प्रत्येक थाई मुलाला ठाऊक असतं. आमचे पूर्वजही त्या लढाईत होते, असं बांग चाओ चामध्ये अभिमानाने सांगतात. स्वागताच्या भाषणात ही लढाई आधी येते आणि टोपल्या नंतर.

टोपल्या मुळात विकायच्या नव्हत्याच. भात वाहून न्यायला खोल टोपली हवी, पाखडायला सूप हवं, ओढ्यात मासे धरायला सापळा हवा, धरलेले मासे ठेवायला कमरेला बांधायची निमुळती टोपली हवी. हे सगळं घरचा पुरुष कापणी संपल्यावरच्या रिकाम्या महिन्यांत करून ठेवी. गोल सूप, ज्याला तिथे ‘क्रदोंग’ म्हणतात, ते तर पाळण्याच्याही आधी येई. जन्मलेल्या बाळाला सुपात ठेवून हलकेच हलवायचे आणि म्हणायचे की तीन दिवस भुताचं पोर, चौथ्या दिवसापासून माणसाचं. आपल्याकडे अनेक घरांत तान्ह्या बाळाला सुपात ठेवतात, ते मला आठवलं. सापळ्याचं निराळंच झालं. मासे धरायचा ‘साय’ आता छोटा करून दुकानाच्या दारावर टांगतात. मासा आत शिरतो तशी लक्ष्मी आत यावी आणि तिला बाहेरची वाट सापडू नये, ही त्यामागची समजूत.

रिकामे महिने मात्र राहिले नाहीत. 1957 मध्ये वरच्या अंगाला चाय नात इथे चाओ फ्राया धरण पूर्ण झालं. कालव्यांचं पाणी आल्यावर या पट्ट्यात भाताचं एकच पीक घ्यायची सक्ती उरली नाही. पुढे कापणीयंत्रं आली, भात शेतातूनच गिरणीकडे जाऊ लागलं. पाखडण्याचं काम गेलं, वाहण्याचं गेलं, आणि जे उरलं ते प्लॅस्टिकच्या टबांनी घेतलं. बुरूडकाम आपल्याकडे ज्या कारणांनी मागे पडलं त्यातली बरीचशी हीच. फरक एवढाच, की तिथे ते एका जातीच्या गळ्यात बांधलेलं नव्हतं. ते शेतकऱ्याचं जोडकाम होतं, त्यामुळे ते सोडण्यात किंवा पुन्हा धरण्यात कुणाची पत गेली नाही. या गावात हे काम पुन्हा उभं राहिलं, त्याचं माझ्या मते हे मोठं कारण आहे, पण पाहुण्यांसाठी लावलेल्या फलकांवर ते लिहिलेलं नसतं.

फलकांवर असते राजघराण्याची आणि सरकारची मदत, आणि तीही खरी आहे. राणी सिरिकित यांनी 1976 मध्ये ‘सपोर्ट’ हे प्रतिष्ठान सुरू केलं. ग्रामीण कारागिरांना शिक्षण द्यायचं आणि त्यांचा माल शहरी श्रीमंतांच्या हातात पोचवायचा, हा त्याचा हेतू. राणीच्या हातात दक्षिणेकडच्या ‘यान लिपाओ’ वेलीच्या पर्सा दिसू लागल्या आणि विणलेली पर्स ही समारंभात मिरवायची वस्तू झाली. मग 2001 मध्ये थाई सरकारने ‘ओटॉप’ योजना आणली. तालुक्याखालच्या प्रत्येक घटकाने, म्हणजे तांबोनने, आपलं एक उत्पादन निवडायचं आणि त्याचं नाव करायचं. कल्पना जपानच्या ओइता प्रांतातली, तिथे ती 1979 पासून चालू होती. मालाला एक ते पाच तारे मिळतात. पाच तारे म्हणजे परदेशी पाठवण्याच्या लायकीचा माल. भाताच्या टोपलीला पाच तारे कोण देणार? तेव्हा टोपली लहान झाली, वीण बारीक झाली, आत अस्तर आलं, वर चामड्याची मूठ आली.

वीण बारीक झाली म्हणजे काय झालं, हे त्या खांबांखालच्या सावलीत बसल्यावर समजतं. विणणारीच्या हातात जाण्याआधी पट्टीचं जवळपास सगळं ठरलेलं असतं.

बांबू ‘सी सूक’ जातीचा. काटेरी, उंच, घट्ट बेटात वाढणारा, मध्य थायलंडच्या खेड्यांत कुंपणासारखा लावलेला. कोवळा बांबू चालत नाही, तो वाळला की आक्रसतो आणि त्याला लवकर कीड लागते. फार जुना झाला की ठिसूळ आणि हट्टी होतो. तीनेक वर्षांचा हवा. तोड कोरड्या महिन्यांत करायची, म्हणजे भुंगा कमी लागतो; त्याला बांबूतलं पिष्ट हवं असतं. चिरण्याआधी किंवा नंतर पाण्यात मुरवतात, तेही त्यासाठीच. तयार मालाला पेंढ्याचा धूर देतात. त्याने कीड दूर राहते आणि वर मधासारखा तपकिरी रंग चढतो. पर्यटकांना तो रंग आवडतो, त्यामुळे आता कीड नसली तरी धूर देतात.

बांबूचे तुकडे करवतीने तोडायचे. हिरवी साल तासून काढायची. मग दोन फाकी, चार, आठ. इथपर्यंत कुणालाही जमावं. पुढे रस्ते दोन. सालीला समांतर चिरत गेलं की रुंद, चपटी पट्टी मिळते. सालीला काटकोनात चिरलं की अरुंद पट्टी मिळते आणि तिच्या एका कडेला सालीलगतचा थर राहतो. या दोन पट्ट्यांचं वागणं वेगळं असतं. पहिली सपाट बसते, अंग भरते. दुसरी वाकते पण दबत नाही, म्हणून कडेला आणि जिथे ताण येतो तिथे ती वापरतात. सालीलगतचा थर चिवट आणि तकतकीत, आतला गाभा मऊ आणि लवकर काळा पडणारा. बारीक पर्सेला सालीलगतचाच थर लागतो. बांबूच्या भिंतीतला बाकीचा भाग जाड टोपल्यांना जातो, नाहीतर चुलीत.

एवढ्यावर संपत नाही. चिरलेली पट्टी सुरीचं पातं आणि बोटावर गुंडाळलेली रबराची पट्टी यांच्यामधून पुन्हा पुन्हा ओढायची. दर वेळी गाभ्याच्या बाजूने जरासा थर निघतो. ट्रकच्या ट्यूबमधून कापलेलं ते रबर नसतं तर बोट राहिलं नसतं. सगळ्यात बारीक कामासाठी पत्र्याला भोकं पाडून घेतलेली असतात, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि काडी त्यांतून एकेक करून ओढतात. दोऱ्यासारखी एकसारखी होईपर्यंत. ते गृहस्थ मधूनमधून एक पट्टी ओठांवरून फिरवत होते. ओठाला जी खरखर लागते ती बोटाला लागत नाही, असं माझ्याबरोबरच्या मुलीने भाषांतर करून सांगितलं.

वयाने मोठ्या बाईला तिथे ‘पा’ म्हणतात, म्हणून मीही त्या गृहस्थांच्या पत्नीला पा म्हणत होते. पा विणत होत्या. विणकामाचे नमुने त्यांच्या बोटांत अंकांनी बसलेले. एक वर एक खाली ही साधी वीण. दोन वर दोन खाली, आणि पुढच्या ओळीत एक घर सरकून, म्हणजे तिरक्या रेषा उमटतात. चूक झाली तर तिरकी रेषा मध्येच तुटते आणि पुढे कितीही नीट विणलं तरी ती तुटलेली दिसतच राहते, तेव्हा उसवण्यावाचून इलाज नाही. त्यांच्या गुडघ्यावरचा नमुना ‘फिकुन’ फुलाचा होता. फिकुन म्हणजे आपली बकुळ. बकुळीच्या फुलाची ती बारीक दातेरी चकती मी सुतात, चांदीत पाहिली होती, बांबूत पहिल्यांदा पाहिली. आणखी एक सहा कोनी उघडी वीण आहे, ‘चलेव’. काढ्याच्या मडक्यावर दृष्ट लागू नये म्हणून खोचतात त्या बांबूच्या ताऱ्याचं नाव तिला मिळालेलं.

तळ सपाट विणून झाला की तो लाकडी साच्यावर बसवतात आणि पट्ट्या वाकवून बाजू उभ्या करतात. वाकवताना पाण्याचा हात. इथे एखादी पट्टी तडकली तर पा मान वर करून नवऱ्याकडे बघत. बोलत काही नसत. काठाला वेत लागतो आणि तो बाहेरून येतो. मूठ, कडी, अस्तर हे शहरातून. एक पर्स तशी एका बाईची नसतेच. एका घरी पट्ट्या, दुसऱ्या घरी तळ आणि बाजू, तिसऱ्या घरी काठ. हिशेब नगावर होतो, गटाच्या वहीत.

केंद्रात काय चालतं? पाहुण्यांना ओळीने बसवतात. प्रत्येकापुढे तयार, रंगवलेल्या, ओलसर पट्ट्यांची जुडी. साध्या विणीची गिलासाखालची चकती करायची. ती तासाभरात होते आणि छान होते. माणसं खूश होतात, फोटो काढतात, भात आणि माशाचं जेवण जेवतात, काही जण गावातल्याच घरी रात्री राहतात. हे वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. त्या तासाचे पैसे रोख मिळतात, पर्स विकली जाण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि म्हाताऱ्या बायकांना दिवसभर वाकून बसावं लागत नाही. माझी तक्रार निराळी आहे. चकती तासाभरात झाली म्हणजे पाहुण्याला वाटतं, काम सोपं आहे. मग तो बाहेरच्या टेबलावरची पर्स उचलतो, किंमत ऐकतो आणि घासाघीस करतो. त्याला दाखवलेली चकती ही कामाच्या शेवटच्या टोकाची, तीही साध्यातल्या साध्या विणीची. जिथे कौशल्य, वेळ आणि नासाडी आहे, ते त्याने पाहिलेलंच नसतं.

चोनबुरी प्रांतातलं फनत निखोम बांग चाओ चाहून बारीक कामासाठी नावाजलेलं. तिथलं अन्नावर ठेवायचं झाकण प्रकाशात धरलं तर कापडासारखं दिसतं. तिथला माल बघितल्यावर बांग चाओ चाची वीण जाड वाटते. बांग चाओ चाच्या लोकांना हे माहीत आहे, आणि ते सरळ सांगतात की आमचं काम बारीकपणाचं नाही, रोज वापरायचं आहे. पाच ताऱ्यांच्या नादात हे शहाणपण टिकलंय, हे मला विशेष वाटलं.

विणणाऱ्या बायका अजून मिळतात. शाळेतल्या मुलींना शिकवतात, आणि फोनवरून माल विकणं तर मुलींनीच सुरू केलं. चिरणारे मिळत नाहीत. तरुण मुलगे अयुथ्याच्या कारखान्यांत जातात, आणि तिथला महिन्याचा पगार सोडून काखेत सुरी धरायला कोण येणार? पट्ट्या पाडायची यंत्रं आहेत. जाड टोपलीला ती चालतात. पण बांबूची भिंत पेरागणिक बदलते, गाठीशी धागे वळतात आणि यंत्र आपल्या मापाने सरळ जातं, त्यामुळे बारीक पट्टी गाठीपाशी तुटते.

निघण्याआधी केंद्र चालवणाऱ्या बाईंना मी म्हटलं, पाहुण्यांना आधी इकडे का नाही आणत, चिरकाम दाखवायला? त्यांनी ते लगेच रस्त्यापलीकडे जाऊन विचारलं. गृहस्थांनी हातातली पट्टी पुरी ओढली, जुडीत टाकली आणि मग अटी सांगितल्या. सुरी कुणाच्या हातात देणार नाही. समोर उभं राहायचं नाही, ढलपा डोळ्यात उडतो, बसायचं ते मागच्या बाजूला. आणि पट्टी चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत. बाई म्हणाल्या, मागून फोटो चांगला येणार नाही. त्यावर त्यांचं म्हणणं पडलं, की मग टोपलीचा काढा.